सवलत कुणाच्या पदरात? नवी मुंबईतल्या स्वस्त घरांची गोष्ट

आपल्या गटांच्या बैठकीतून एक प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. गावात घरकुलं झाली, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, पण चैत्र-वैशाखात त्या स्लॅबखाली दुपारी बसवत नाही. रात्री पंखा लावला तर गरम वाराच अंगावर येतो. आणि इकडे ऐकू येतं की शहरात वीज वाचवणाऱ्या इमारतींना सरकार सवलत देतं. ती सवलत काय असते? ती कुणाला मिळते? आपल्याला का नाही?

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आज आम्ही तुम्हाला नवी मुंबईची गोष्ट सांगणार आहोत. आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं, भाऊ, नणंदा घणसोलीला, कळंबोलीला, तळोज्याला राहतात. तिथली घरं कशी झाली, ती थंड राहावीत म्हणून कुणी काय केलं, आणि त्याचा फायदा कुणाच्या पदरात पडला, ते बघू.

गोष्ट सुरू होते जुन्या मुंबईतून. १८९६ साली तिथं प्लेगची साथ आली. चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांत माणसं मेली. सरकारनं १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था काढली. या ट्रस्टनं घरं पाडली, रस्ते रुंद केले, आणि एक नियम आणला. इंजिनीअर त्याला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणत. आपल्या भाषेत सांगायचं तर, खिडकीसमोर दहा फूट मोकळी जागा असेल तर समोरची इमारत वीस फुटांहून उंच नको. म्हणजे खालच्या खोलीलाही आकाश दिसलं पाहिजे. उजेड आणि वारा ही श्रीमंताची चैन नाही, गरिबाच्या खोलीलाही तो मोजून द्यावा लागतो, हे आपल्याकडे नियमात आलं ते साथीच्या भीतीनं. तेव्हा विजेच्या बिलाचा विषयच नव्हता. पण ज्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागत नाही, तिथं वीज वाचतेच.

पुढं मुंबई वाढतच गेली. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नावाच्या मासिकातून एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तर खाडीच्या पलीकडे, पूर्वेला, दुसरं शहर वसवा. या तिघांतल्या प्रविणा मेहता या वास्तुरचनाकार होत्या, म्हणजे घरांचे आराखडे करणाऱ्या. त्या काळात या धंद्यात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं, म्हणून आम्ही मुद्दाम घेतलं. सरकारनं कल्पना उचलली आणि १९७० साली सिडको ही कंपनी स्थापन झाली.

आता हे शहर रिकाम्या जागेवर झालेलं नाही, हे आपण गावच्या बायका चटकन ओळखू. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या प्रकल्पात आली. भाताची शेतं, मिठागरं, मासळीची खाडी. आगरी-कोळी माणसांची कौलारू घरं, पुढं ओटा, पडवी, मागं परसू. ती घरं समुद्राच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन बांधलेली होती, आणि त्यासाठी कुणी त्यांना प्रमाणपत्र दिलं नव्हतं. जमिनीचा मोबदला तुटपुंजा होता. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या पुढाकारानं आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यात बायकाही मोठ्या संख्येनं उतरल्या होत्या. त्यातूनच पुढं साडेबारा टक्क्यांची योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत. स्वस्त घरांची गोष्ट सांगताना ती जमीन स्वस्त कशी झाली हे विसरून चालत नाही. पुढचं सगळं त्या जमिनीवर उभं आहे.

सिडकोच्या सुरुवातीच्या काळात चार्ल्स कोरिया तिथं मुख्य वास्तुरचनाकार होते. आमच्या मते या सगळ्या गोष्टीतलं सोनं आहे ते त्यांनी १९८३ ते १९८६ च्या सुमारास बेलापूरला उभारलेल्या वसाहतीत. तिला आज आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे सहा हेक्टरांवर साडेपाचशेच्या आसपास घरांची ही वसाहत.

त्याआधी कोरियांनी अहमदाबादेत, १९६१-६२ साली, गृहनिर्माण मंडळासाठी एक स्वस्त घर बांधून दाखवलं होतं. अरुंद आणि लांब, नळीसारखं. छत उतरतं. आतली गरम हवा वर चढायची आणि आढ्याजवळच्या फटीतून बाहेर जायची. तिच्या जागी दाराकडून खालची गार हवा आत यायची. आपल्या आज्यांच्या घरात चुलीवर धुराडं किंवा गवाक्ष असायचं, तीच ही युक्ती. पंखा नाही, कूलर नाही, गरम हवेला फक्त बाहेर जायला वाट. बेलापूरला हीच समज आणखी पुढं गेली.

बेलापूरला प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा छोटा प्लॉट. सात घरांच्या मधे एक अंगण, साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. अशा तीन अंगणांचा, म्हणजे एकवीस घरांचा, एक मोठा गट आणि त्याला मोठं अंगण. असे तीन गट मिळून आणखी मोठं मैदान. वाडा, आळी, गाव, अशी आपल्याकडं जी उतरंड असते, तीच. घरं बैठी किंवा एक मजली, कौलारू, स्थानिक गवंड्यांना बांधता येतील अशी. लिफ्ट लागत नाही.

दोन गोष्टी नीट ऐका, कारण त्या पैशाच्या आहेत. पहिली अशी: त्या काळी सगळ्यात गरीब कुटुंबाच्या घराचा खर्च साधारण २० हजार रुपये होता, आणि वरच्या उत्पन्नाच्या कुटुंबाच्या घराचा १ लाख ८० हजारांपर्यंत. नऊपट फरक. पण प्लॉट मात्र सुमारे ४५ चौरस मीटरपासून ७५ चौरस मीटरपर्यंतच. म्हणजे घर लहान-मोठं असेल, जमिनीत फार भेद नको. आज ज्याच्याकडं पैसे नाहीत तो एक खोली बांधेल, उद्या मुलगा कमावता झाला की दुसरी. दुसरी गोष्ट, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. आपल्याकडं सामाईक भिंतीवरून किती भांडणं होतात ते सांगायला नको. इथं प्रत्येकाची भिंत स्वतःची, छप्पर स्वतःचं, वाढवायचं तर कुणाची सही नको. आणि भिंती सुट्या असल्या की बाजूनं वाराही फिरतो.

कोरियांचं म्हणणं साधं होतं. आपल्या देशात वर्षातले कितीतरी महिने माणूस छपराखाली राहतच नाही. सकाळी अंगणात, दुपारी झाडाखाली, रात्री गच्चीवर किंवा ओट्यावर. मग अंगण हीसुद्धा एक खोलीच आहे. ती बांधायला सिमेंट लागत नाही, आणि तिच्यात दिवा-पंखा लावावा लागत नाही. धान्य वाळवणं, पापड घालणं, लेकरू खेळवणं, हे सगळं जिला घराबाहेरच करावं लागतं, तिला हे पटवून द्यायला नको. टॉवरच्या विसाव्या मजल्यावर पापड कुठं घालणार?

आज त्या वसाहतीत गेलं तर मूळ कौलारू घरं मोजकी उरलेली दिसतात. बहुतेकांनी पाडून दोन-तीन मजली पक्की घरं बांधली. काहींना याचं वाईट वाटतं. आम्हाला तितकंसं वाटत नाही. घर वाढवता यावं म्हणूनच तर तशी आखणी होती. खंत असेल तर एवढीच, की वाढवताना पुष्कळांनी मोकळी फट बुजवली आणि वारा अडला. मधली अंगणं मात्र अजून आहेत.

त्याच सुमारास, १९८५ पासून, जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई आणि नवी मुंबईत आणखी एक योजना चालली. तिच्यात सरकार घर बांधून देत नसे. आखलेला प्लॉट, पाणी, गटार, रस्ता आणि फार तर संडासचा ओटा एवढंच द्यायचं. घर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणं बांधायचं. मुंबईत चारकोपला पस्तीसेक प्लॉटची एक सोसायटी आणि मधे अंगण, अशी आखणी होती. तेव्हा पुष्कळ तज्ज्ञांनी या योजनेला नावं ठेवली. वीस वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिलं तर वस्त्या भरलेल्या, घरं पक्की. नवी मुंबईतही या योजनेतून छोट्या प्लॉटच्या वस्त्या उभ्या राहिल्या.

मग काळ बदलला. रेल्वे आली, जमिनीचे भाव चढले, आणि बैठ्या घरांना जागा परवडेनाशी झाली असं ठरलं. घरं वर चढली. २०१५ साली प्रधानमंत्री आवास योजना आली. तिच्याखाली सिडकोनं २०१८ साली तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी इथल्या १४,८३८ घरांची सोडत काढली. दुर्बल घटकासाठीचं घर सुमारे २६ चौरस मीटर, त्याच्या वरच्या गटासाठी सुमारे ३०. दुर्बल घटकाच्या घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख अनुदान. आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे, या योजनेत घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या जोड नावावर असावं अशी अट. ही अट चांगली आहे, आणि ती गावच्या घरकुलातही आहे. आपल्या उताऱ्यावर नाव लागलं का, ते बघितलंत ना?

पण टॉवरमधलं घर घेताना जो हिशेब दिसत नाही, तो नंतर येतो. लिफ्ट विजेवर. पाणी वर चढवणारा पंप विजेवर. जिन्यातले दिवे विजेवर. घराचं बिल वेगळं आणि सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. घराचा हप्ता ठरलेला असतो, मेंटेनन्स मात्र वाढत जातो. ज्या बाईच्या नावावर घर आहे, तिच्याच डोक्यावर हे दोन्ही.

आता वळू त्या सवलतीकडं. शहरात जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं, याचा आकडा ठरलेला असतो. त्याला एफएसआय म्हणतात, मराठीत चटईक्षेत्र निर्देशांक. राज्यानं डिसेंबर २०२० मध्ये बहुतेक शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली आणली. तिच्यात असं आहे की इमारतीला हिरव्या इमारतीचं प्रमाणपत्र मिळालं तर जादा एफएसआय मिळेल: दर्जाप्रमाणं ३, ५ किंवा ७ टक्के. हे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात, त्यांतली एक ‘गृह’ या नावाची, ती तारे देते. तीन तारे, चार तारे, पाच तारे. ठरलेला दर्जा नंतर मिळवला नाही तर दंडाची तरतूदही आहे.

पाटीवर मांडून बघू. हजार चौरस मीटरचा प्लॉट. एफएसआय १.१ धरला तर ११०० चौरस मीटर बांधता येतं. त्यावर पाच टक्के म्हणजे ५५ चौरस मीटर जादा. गरिबाची जवळपास दोन घरं बसतील एवढी जागा. पण ती गरिबालाच द्या, असं ही तरतूद म्हणत नाही. ती जागा बिल्डरची. तो ती बाजारभावानं विकेल. त्यातून त्याचा प्रमाणपत्राचा, चांगल्या काचेचा, भिंतीच्या थराचा खर्च निघेल आणि वर काही उरेल. राहणाऱ्याला काय मिळेल? बांधकाम खरंच चांगलं झालं असेल तर बिल कमी येईल. पण ते ‘असेल तर’ आहे. बिल्डरचा फायदा मात्र पक्का.

त्याच नियमावलीत गरिबांच्या घरांसाठी दुसरी तरतूद आहे. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत, ४००० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर बांधणाऱ्यानं मूळ एफएसआयच्या २० टक्के जागेत छोटी घरं, ३० ते ५० चौरस मीटरची, बांधायची. म्हणजे एका कलमात वीज वाचवा, दुसऱ्या कलमात गरिबाचं घर बांधा. या दोन कलमांची गाठ मात्र कुणी मारली नाही. हिरवं प्रमाणपत्र पुढच्या उंची इमारतीला आणि छोटी घरं मागच्या साध्या इमारतीत, असं करायला वाव राहतो. आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

बिल्डरऐवजी राहणाऱ्याला सवलत द्यायची तऱ्हाही आपल्याच राज्यात आहे. पुणे महापालिकेत सौर ऊर्जा, गांडूळखत आणि पावसाचं पाणी जिरवणं, यांपैकी एक चालू असेल तर मालमत्ता करात ५ टक्के सूट, दोन असतील तर १० टक्के. गंमत म्हणजे नुसतं बसवून चालत नाही, चालू ठेवावं लागतं. बंद सापडलं तर सूट जाते. पिंपरी-चिंचवडनं दोघांनाही दिलं: बांधणाऱ्याला शुल्कात सूट आणि राहणाऱ्याला करात. करातली सूट दरवर्षी बिलावर दिसते आणि ज्याच्या नावावर घर त्याच्या पदरात पडते. जादा एफएसआय एकदाच मिळतो आणि बांधणारा निघून जातो.

छपराची गोष्टही अशीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं सूर्यघर योजना सुरू केली. स्वतःच्या छतावर सौर पॅनल बसवले तर पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, आणि तीन किलोवॅट किंवा जास्त असेल तर एकूण ७८ हजार रुपये अनुदान. पण त्यासाठी छत आपलं पाहिजे. टॉवरमधल्या बाईला छतच नाही, ते सगळ्यांचं. तिच्या सोसायटीला लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी किलोवॅटला १८ हजार मिळतात. बेलापूरच्या अंगणातल्या घराला मात्र स्वतःचं छप्पर आहे. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी ‘प्रत्येकाला आपलं छप्पर’ असं ठरवलं, त्यांच्या डोक्यात सौर पॅनल नव्हते. पण उपयोग आज होतो आहे. आणि मैत्रिणींनो, या बाबतीत आपण गावच्या बायका तळोज्याच्या टॉवरमधल्या बहिणीपेक्षा पुढं आहोत, कारण आपल्या घरकुलाचं छत आपलं आहे.

त्या छताचं काय करता येईल, तेही सांगतो. अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्ट ही संस्था झोपडवस्तीतल्या बायकांबरोबर काम करते. तिथं पत्र्यावर आणि स्लॅबवर ऊन परतवणारा पांढरा रंग लावायचं काम बायकांनी केलं. महापालिकेनंही २०१७ साली गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करायला सुरुवात केली. तेलंगणानं २०२३ साली थंड छताचं धोरणच जाहीर केलं. आपल्याकडं चुन्याचा हात द्यायची पद्धत जुनीच आहे. पावसानं तो धुऊन जातो, म्हणून दर फाल्गुनात पुन्हा द्यावा लागतो. शिडी, ब्रश आणि दोन माणसं, एवढंच काम.

राहिला प्रश्न खिडकीचा. केंद्रानं डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ काढली. मोठ्या निवासी इमारतींसाठी आहे, घरकुलाला ती लागू नाही, पण मोजमाप म्हणून उपयोगी पडते. ती म्हणते, नवी मुंबईसारख्या दमट हवेत घराच्या क्षेत्राच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतक्या खिडक्या उघडता याव्यात. कोरड्या, तापणाऱ्या मुलखात दहाव्या हिश्श्याइतक्या. आपलं घरकुल २५ चौरस मीटरचं. दहावा हिस्सा म्हणजे अडीच चौरस मीटर. तीन फूट बाय तीन फुटाची एक खिडकी पाऊण चौरस मीटरहून थोडी जास्त भरते. म्हणजे अशा तीन खिडक्या, शक्यतो समोरासमोर, आणि वर एक झरोका. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी काढावीच लागली तर तिच्यावर सज्जा हवा.

ज्यांची घरकुलं अजून जोत्यावर आहेत, त्यांनी गवंड्याशी हे आत्ताच बोलून घ्या. लिंटल पडलं की खिडकी मोठी करायची म्हणजे फोडाफोडी आणि दुप्पट मजुरी. पुढच्या भागात स्वयंपाकघराबद्दल बोलू: धूर, चूल आणि गॅसचा हिशेब.